डॉक्टर आता सीएमई (म्हणजे डॉक्टरांचं प्रॅक्टिसमधलं पुढचं शिक्षण) ऑनलाइनच पसंत करतात म्हणे. घरी बसून खरंच काही शिकतात, की नुसते पॉइंट गोळा करतात?

दोन्ही. मी स्वतः दोन्ही केलंय, म्हणून सांगतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी वीस वर्षांची जनरल प्रॅक्टिस आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. पूर्वी पॉइंट म्हणजे रविवारची सीएमई. वेळ नऊची, सुरुवात साडेदहाला, मग दीपप्रज्वलन, सत्कार, दोन लेक्चर आणि जेवण. जेवणानंतर निम्मा हॉल गायब आणि उरलेल्यातले निम्मे पेंगुळलेले. तेव्हा ‘हॉलमध्ये खरं शिक्षण व्हायचं’ असं कुणी म्हणालं की मला हसू येतं.

माझी बायको स्त्रीरोगतज्ज्ञ. दिवस भरलेली पेशंट ॲडमिट असली की तिला गाव सोडता येत नाही, आणि अशी पेशंट नसते असा रविवार विरळाच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळं झूमवर आलं तेव्हा पहिल्यांदा ती माझ्यापेक्षा जास्त सीएमईंना हजर राहिली. पुढे हॉल उघडले, पण ती काही परत गेली नाही. आमच्या सिस्टरही नाइट ड्यूटी उतरल्यावर एसटीत बसून मोबाइलवर व्हिडिओ बघतात.

आता चोरीचं सांगतो. वेबिनार लावायचा, आवाज बंद करायचा आणि ओपीडी चालू ठेवायची. शेवटी पाच प्रश्न येतात, त्यांची उत्तरं तोवर व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली असतात. मीही केलंय हे, लपवत नाही.

पण एक अनुभव वेगळाही आहे. ईसीजीवरचं एक रेकॉर्डेड लेक्चर मी थांबवून, मागे नेऊन तीनदा पाहिलं होतं. त्यात वेलन्स सिंड्रोम होतं: छातीतलं दुखणं थांबलेलं, पेशंट निवांत, पण ईसीजीच्या व्ही२-व्ही३ या पट्ट्यांमध्ये टी वेव्ह (ठोक्याच्या शेवटची लाट) आधी वर मग खाली किंवा खोल उलटी. म्हणजे हृदयाची पुढची मोठी रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली असू शकते. पुढे चार-सहा महिन्यांत नेमका तसाच ईसीजी टेबलावर आला. ‘डॉक्टर, आता बरंय, जातो घरी’ म्हणणाऱ्या त्या शेतकऱ्याला मी ॲम्ब्युलन्समध्ये बसवलं. हॉलमध्ये ती स्लाइड अर्ध्या मिनिटात पुढे गेली असती.

माझ्या मते ऑनलाइनमध्ये सर्वांत जास्त शिकवतं ते केस डिस्कशन. पुण्याच्या एएफएमसीत (लष्कराच्या मेडिकल कॉलेजात) शिकलेले डॉ. संजीव अरोरा अमेरिकेत न्यू मेक्सिकोत हेपॅटायटिस सीचं (यकृताच्या विषाणूजन्य आजाराचं) क्लिनिक चालवायचे. तिथे आठ-आठ महिने नंबर लागत नसे. २००३ मध्ये त्यांनी प्रोजेक्ट एको सुरू केला: खेड्यातले आणि तुरुंगातले डॉक्टर ठरल्या वेळी व्हिडिओवर यायचे, आपापले पेशंट मांडायचे आणि तज्ज्ञांशी चर्चा करून उपचार स्वतःच करायचे. २०११ मध्ये निकाल छापून आले. विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के पेशंट बरे झाले होते, खेडी आणि तुरुंग मिळून ५८.२ टक्के. यात आवाज बंद करून बसायची सोयच नाही, कारण पेशंट तुमचाच असतो!

हाताचं काम मात्र स्क्रीनवर येत नाही. नवजात बाळाला बॅग-मास्कने श्वास देताना मास्क किती दाबायचा, सोनोग्राफीचा प्रोब किती तिरका धरायचा, हे कुणीतरी शेजारी उभं राहून मनगट धरल्याशिवाय कळत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या बीएलएससारख्या (जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांच्या) कोर्समध्ये थिअरी घरी बसून करता येते, पण सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय चालू ठेवणं, शेवटी पुतळ्यावर करून दाखवावाच लागतो. हा मेळ मला पटतो.

एक गोष्ट मात्र गेली, जेवणाच्या रांगेतली. ‘अरे, तुझ्याकडे या महिन्यात डेंग्यू किती?’ हे झूमवर कुणी विचारत नाही. म्हणून वर्षातून एक-दोनदा मी अजूनही गाडी काढतो. दुपारचं लेक्चर मात्र टाळतो.