पॅराथायरॉइड वाढलीय, ऑपरेशन न करता अल्ट्रासाऊंडने बरी होते का?

होते, पण सगळ्यांची नाही. (पॅराथायरॉइड म्हणजे गळ्यातली, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारी ग्रंथी.) तुमच्या सासूबाई 71 च्या, हार्टचा त्रास आणि पूर्ण भूल द्यायला डॉक्टर का-कू करतायत म्हणताय, म्हणजे तुम्ही हे विचारणं बरोबरच आहे.

माझ्या आईच्या वेळी मी पण रात्र रात्र हेच शोधत बसायचे. तिला दोनदा मुतखडा झाला, हाडं दुखायची, सारखी गळून जायची आणि आम्ही आपलं वय झालं म्हणून सोडून देत होतो, शेवटी एका डॉक्टरांनी कॅल्शियम करायला सांगितलं तर ते 11.8 निघालं (साधारण साडेदहाच्या आत पाहिजे) आणि पीटीएच, म्हणजे या ग्रंथीचं हार्मोन, पण वर.

या ट्रीटमेंटला हायफू म्हणतात. लहानपणी भिंगाने ऊन एका ठिकाणी आणून कागद जाळायचो ना, तसंच, फक्त उन्हाच्या जागी अल्ट्रासाऊंडच्या लहरी. वरची कातडी कापायची नाही, सुई पण खुपसायची नाही, आत काही मिलीमीटरचा ठिपका भाजला जातो, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. थेराक्लियॉन नावाच्या फ्रेंच कंपनीचं मशीन आहे आणि बल्गेरियात सोफियाच्या डॉक्टरांनी ते वापरून रिझल्ट छापलेत. पेशंट मोजकेच होते. बऱ्याच जणांचं कॅल्शियम खाली आलं पण पीटीएच सगळ्यांचा नॉर्मल झाला नाही, आणि काहींच्या स्वरतंतूंची हालचाल तात्पुरती मंदावली, कारण आवाजाची नस ग्रंथीला अगदी चिकटून जाते.

खरी मेख वेगळीच आहे, गाठ, म्हणजे वाढलेली ग्रंथी, सोनोग्राफीत स्वच्छ दिसली पाहिजे. ती श्वासनलिकेच्या मागे किंवा छातीत उतरलेली असेल तर विषयच संपला, हवा आणि हाडातून या लहरी नीट जातच नाहीत. आमच्या एंडोक्राइनच्या (हार्मोनच्या) डॉक्टरांनी हेच समजावलं, वर म्हणाले आई फिट आहे, एकच ग्रंथी बिघडलीय, चांगल्या सर्जनकडे शंभरातले पंचाण्णव तरी बरे होतात, उगाच प्रयोग कशाला. मग ऑपरेशनच केलं. दुसऱ्या दिवशी घरी, आठवडाभर बोटांना मुंग्या यायच्या म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या, बस.

सासूबाईंचं गणित वेगळं आहे. सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन (किरणोत्सारी औषध टोचून बिघडलेली ग्रंथी शोधायचा स्कॅन) दोन्हीत गाठ एकाच जागी दिसतेय का ते आधी बघा. व्हिटॅमिन डी केलंय का? ते कमी असलं की पीटीएच तसाही वाढतो, आपल्याकडे तर निम्म्या घरात कमीच असतं. आणि सर्जनना हे नक्की विचारा की पूर्ण भूल न देता नुसती मान बधिर करून ऑपरेशन जमेल का, कारण एकच गाठ असेल तर काही ठिकाणी तसं करतात. तेही नाही जमलं तर सिनाकॅल्सेट नावाची गोळी आहे, तिने कॅल्शियम आटोक्यात राहतं पण हाडांना फारसा फायदा होत नाही, आणि गाठ आहे तिथेच राहते.