परदेशातल्या विद्यापीठांच्या जुन्या वसतिगृहांत खरंच भुतं असतात का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी कॅनडात शिकायला निघाली आहे आणि तिथल्या होस्टेलांमधल्या भुतांच्या गोष्टी कुणीतरी फॉरवर्ड केल्यापासून आजींनी धसका घेतलाय. आजींना सांगा, मी टोरांटो विद्यापीठात शिकलो, तिथल्या सर्वांत नावाजलेल्या भुताच्या इमारतीत रात्री उशिरापर्यंत बसायचो आणि मला त्रास झाला तो फक्त थंडीचा. भूत नाही, पण भुताची गोष्ट आहे आणि ती चांगली दणकट आहे.

इमारतीचं नाव युनिव्हर्सिटी कॉलेज. 1856 मध्ये काम सुरू झालं, 1859 मध्ये पुरं झालं. कंबरलँड आणि स्टॉर्म हे तिचे वास्तुविशारद. सगळं दगडी काम, मधे जाडजूड मनोरा, आणि जिथे नजर जाईल तिथे कोरलेली पानं, प्राणी, दात विचकणारी तोंडं. आज तिथे वर्ग आणि ऑफिसं आहेत, पण 1899 पर्यंत पश्चिमेच्या भागात विद्यार्थी राहायचे. म्हणजे ते एका अर्थी होस्टेलच होतं.

गोष्ट अशी. बांधकामावर दोन पाथरवट होते. इव्हान रेझ्निकॉफ हा धिप्पाड रशियन आणि पॉल डियाबोलोस हा ग्रीक. इव्हानचं सूझी नावाच्या मुलीशी लग्न ठरलेलं. तो पै पै साठवत होता आणि इकडे पॉलचं सूझीशी जुळलेलं. त्यावर कडी म्हणजे पॉलने दगडात एक हसणारं तोंड कोरलं आणि ते इव्हानलाच हसतंय असं म्हणतात. इव्हानला कळलं तेव्हा तो कुऱ्हाड घेऊन पॉलच्या मागे धावला. पॉल वाकला, घाव दारावर बसला. मग अर्धवट बांधलेल्या मनोऱ्यात झटापट झाली, पॉलने सुरा चालवला आणि इव्हानचं प्रेत जिन्याच्या खड्ड्यात ढकलून दिलं. तेव्हापासून इव्हान फिरतोय.

आता ते दार. हे तुम्हाला खरोखर बघायला मिळतं. जाड, काळपट लाकूड आणि त्यात तिरकी, खोल खाच. नव्या मुलांना सीनियर मंडळी तिथे नेतात, एकेकाला खाचेत बोट घालायला लावतात आणि मग आवाज खाली आणून गोष्ट सुरू करतात. मीही बोट घातलं होतं. खाच कुऱ्हाडीची असेलही, पण लाकडावर एखादा घाव बसायला प्रेमाचा त्रिकोणच लागतो असं थोडंच आहे? सामान हलवताना, दुरुस्ती करताना, दारू पिऊन पैज लावतानाही तो बसू शकतो. पण हाताला लागणारी एक वस्तू मिळाली की गोष्टीला मरण नसतं, आणि माझ्या मते या भुताचं सगळं आयुष्य त्या खाचेवर चाललंय.

दुसरा टेकू आगीचा. ही आग मात्र शंभर टक्के खरी. 14 फेब्रुवारी 1890 च्या संध्याकाळी कॉलेजचा वार्षिक समारंभ होता. उजेडासाठी रॉकेलचे दिवे लावायचे होते. दोन नोकर पेटवलेल्या दिव्यांचं तबक लाकडी जिन्यावरून वर नेत होते, ते हातातून निसटलं आणि पूर्वेकडचा भाग पेटला. ग्रंथालयातली सुमारे 33,000 पुस्तकं गेली. पुढे दोनेक वर्षांत इमारत पुन्हा उभी केली. कथा सांगते की ढिगारा उपसताना मनोऱ्याच्या तळाशी हाडं सापडली, सोबत पट्ट्याचं बक्कल, आणि ती हाडं आतल्या चौकात पुरली. खऱ्या तारखेला खोटी हाडं बांधली की ऐकणारा दोन्ही एकदम गिळतो. आपल्याकडेही पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाखाली जोडपं पुरल्याची कथा सांगतातच. एवढा दगड कुणाचा तरी जीव घेतल्याशिवाय उभा राहिला, हे माणसाला पटत नाही.

साक्षीदारही तालेवार मिळालाय. अॅलन एल्सवर्थ, जो पुढे कॅनडाचा न्यायमंत्री झाला. विद्यार्थी असताना एका थंडगार रात्री त्याला उंच टोपीतला दाढीवाला माणूस भेटला, एल्सवर्थने त्याला ऊब घ्यायला आपल्या खोलीवर नेलं, दोघं प्यायले, पाहुण्याने आपल्याच खुनाची हकिगत सांगितली आणि नाहीसा झाला, असा किस्सा त्याच्या नावावर सांगितला जातो. भुताने पाहुणचार घेऊन जावं, ही कल्पना होस्टेलवर राहणाऱ्या पोरांनाच सुचणार. आणि पेग किती झाले होते हे किस्सा सांगणारा कधीच सांगत नाही.

मला खटकते ती सूझी. दोन पुरुषांना नाव, आडनाव, देश, हत्यार, सगळं दिलंय. जिच्यापायी हे सगळं घडलं तिला आडनावसुद्धा नाही. तिचं पुढे काय झालं हे मी सीनियर लोकांना विचारलं, तर ते नुसते एकमेकांकडे बघायला लागले. खऱ्या खुनाच्या हकिगतीत ती बाई असली असती, निदान साक्षीला तरी.

आजींची खरी शंका मुलीच्या खोलीबद्दल असेल. डिसेंबरात तिथे पावणेपाचला अंधार पडतो, जुन्या इमारतींत हीटरचे नळ तापताना ठकठक वाजतात आणि लाकडी जमीन कुणी नसतानाही करकरते. पहिले काही दिवस दचकायला होतं. त्यावर उपाय म्हणजे जाड मोजे आणि बोलकी रूममेट. शिवाय मुलांनी आता या भुतांना कामाला लावलंय. मॉरिसन हॉल नावाच्या नव्या वसतिगृहात रेझ्निकॉफच्या नावाचं कॅफे आहे आणि जुन्या इमारतीत विद्यार्थी चालवतात त्या कॉफीच्या काउंटरला डियाबोलोसचं नाव आहे. परीक्षेच्या दिवसांत आम्ही मारेकऱ्याकडेच जायचो, त्याची कॉफी स्वस्त होती.