‘व्हायकेरियस’ म्हणजे ऐकीव नव्हे

प्रश्न असा आला आहे : ‘व्हायकेरियस प्लेझर’ म्हणजे नेमकं काय, आणि त्याला ‘सेकंडहँड’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. शेजाऱ्याने हिमालयातल्या ट्रेकची हकीकत सांगितली, तर तुम्हाला मिळाली ती सेकंडहँड माहिती. ती ऐकता ऐकता तुम्हालाच दम लागला, शिखर आल्यावर हायसं वाटलं, तर तो व्हायकेरियस अनुभव. चढला तो, पण मनाने त्याच्या जागी तुम्ही होता.

ही ‘जागा’च शब्दाच्या मुळाशी आहे. लॅटिनमध्ये ‘विकिस’ म्हणजे पाळी, बदल, एखाद्याची जागा. त्यावरून ‘विकारियुस’, म्हणजे बदली माणूस. रोममध्ये गुलामाच्या हाताखाली राबणाऱ्या गुलामालाही विकारियुस म्हणत. ‘व्हाइस चॅन्सेलर’ आणि ‘व्हाइसरॉय’मधला ‘व्हाइस’ याच घरातला, ‘व्हाइस व्हर्सा’ही. (व्यसन या अर्थाचा ‘व्हाइस’ मात्र वेगळा, त्याचं मूळ ‘वितियुम’, म्हणजे दोष. उगाच कुलगुरूंना त्यात ओढू नका!) चर्चमधला ‘व्हिकर’ही त्यातलाच. पोर्तुगीजमध्ये तो ‘विगारियु’ झाला आणि गोव्यात कोकणीने त्याला ‘विगार’ केलं.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकापासून आहे, पण तेव्हा त्यात मजाबिजा नव्हती. दुसऱ्याच्या वतीने केलेलं किंवा सोसलेलं, एवढाच अर्थ. ख्रिस्ताने माणसांची पापं स्वतःवर घेतली, या संदर्भात तो धर्मशास्त्रात रुळला. दुसऱ्याच्या सुखदुःखात कल्पनेने शिरणं हा अर्थ बराच नंतरचा.

जुना अर्थ कायद्यात अजून ठणठणीत आहे. उदयपूरला कलेक्टरच्या वापरातली सरकारी जीप दुरुस्तीहून परत आणताना ड्रायव्हरने एका पादचाऱ्याला धडक दिली आणि तो दगावला. ड्रायव्हरच्या निष्काळजीपणाची भरपाई राजस्थान सरकारने द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ठरवलं. ही व्हायकेरियस लायबिलिटी : चूक नोकराची, भुर्दंड मालकाला.

मराठीत दोन्ही अर्थ पेलणारा एकच शब्द मला तरी सापडलेला नाही. कायद्यापुरता ‘प्रातिनिधिक’ ठीक आहे. ‘परोक्ष’ मला पटत नाही, त्यात नुसतं ‘डोळ्याआड’ एवढंच येतं. लिहिताना मी सरळ वाक्य फिरवतो : ‘मुलाच्या रूपाने बाप स्वतःचं राहून गेलेलं क्रिकेट खेळतो आहे.’ ‘दुधाची तहान ताकावर’ ही म्हण जवळची वाटते खरी, पण तिच्यात तडजोडीची हळहळ आहे. व्हायकेरियस आनंदात ती असेलच असं नाही. कित्येकांना ट्रेक घरबसल्याच आवडतो.