जांभळा मातकट येतोय? आधी ट्यूबवरचं नाव वाचा

जलरंगात लाल आणि निळा मिसळून जांभळा मातकट येत असेल, तर तुमचा हात चुकत नाहीये, ट्यूब चुकतेय. शाळेत लाल, पिवळा, निळा हे प्राथमिक रंग एवढं शिकवतात, पण कुठला लाल आणि कुठला निळा ते कोणी सांगतच नाही. व्हर्मिलियन हा लाल नारिंगीकडे झुकतो म्हणजे त्यात पिवळ्याची छटा आलीच, प्रुशियन ब्लू हा निळा हिरव्याकडे झुकतो, तिथेही पिवळाच, मग दोन्ही मिसळले की तिन्ही रंग एकमेकांना मारतात आणि चिखल होतो. जांभळ्याकडे झुकणारा लाल क्रिमझन लेक आणि तसाच निळा अल्ट्रामरीन घेऊन बघा, जांभळा लगेच स्वच्छ येईल.

हिरव्याचंही तसंच. लेमन यलो आणि प्रुशियन ब्लू ताजा पोपटी देतात, गॅम्बोज हा गडद पिवळा आणि अल्ट्रामरीन दबका शेवाळी, आणि खरं सांगू तर आंब्याच्या झाडाला मला तोच जास्त आवडतो.

मिसळताना आधी फिका रंग घ्या, मग गडद ब्रशच्या टोकाने थोडाथोडा, उलटं केलंत तर पिवळ्याची अख्खी ट्यूब संपते. पाण्याचे दोन डबे ठेवाच, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचा. काळा सध्या लांब ठेवा, बर्न्ट सिएना या तपकिरीत अल्ट्रामरीन घातला की पावसाळी ढगांचा सुंदर करडा मिळतो.

या आठवड्यात चित्र नको, वरचे दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे अशा सहा रंगांच्या दोन-दोनच्या सगळ्या जोड्या लावून १५ चौकोन रंगवा, खाली पेन्सिलने नावं लिहा आणि वाळल्यावरच बघा, कारण जलरंग वाळला की फिका पडतो.