वाचकांचे प्रश्न : थीम पार्कात पाणी न्यायचे, की नुसती बाटली?

सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे प्रवासाविषयीची पत्रे वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच अडचणीची आहेत : थीम पार्कात दिवसभर हिंडायचे, सामान कमीत कमी ठेवायचे, आणि तरीही पिण्याच्या पाण्याची आबाळ होऊ द्यायची नाही. म्हणून ती येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : यजमान आणि मी जूनमध्ये मुलाकडे अमेरिकेला जात आहोत. मुलगा, सून, नऊ वर्षांचा नातू आणि आम्ही दोघे असे सर्वजण तेथून फ्लॉरिडातील ऑरलँडोला डिस्ने वर्ल्ड पाहण्यास जाणार आहोत. खूप चालावे लागणार असल्याने प्रत्येकाने कमरेच्या पाउचपलीकडे काही घेऊ नये, असे सुनेचे म्हणणे आहे. मला मात्र घरून पाणी घेतल्याशिवाय बाहेर पडवत नाही. बाहेरचे पाणी आत नेऊ देतात का, आणि पाच माणसांचे पाणी वाहायचे कोणी? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. डिस्ने वर्ल्डच्या चारही पार्कांत, म्हणजे मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम येथे, स्वतःपुरते खाद्यपदार्थ आणि मद्य सोडून अन्य पेये आत नेता येतात. मनाई आहे ती काचेच्या बाटल्यांना, सुट्या बर्फाला आणि कोरड्या बर्फाला. तेव्हा पाणी नेऊ देतात का हा प्रश्न मिटला. न्यावे का, एवढाच उरला, आणि त्यात आमचा कौल सूनबाईंच्या बाजूने आहे.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. जूनमध्ये ऑरलँडोत दुपारी पारा ३२-३३ अंशांपर्यंत चढतो. नागपूरच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, परंतु तेथील हवा कोकणासारखी दमट असल्याने घाम वाळत नाही आणि त्यामुळे अंग थंड होत नाही. चालणारा माणूस घामाघूम होत राहतो आणि आपल्याला पाणी कमी पडते आहे हे त्याच्या उशिरा लक्षात येते. दिवसभरात माणशी दोन-अडीच लिटर पाणी लागेल असे धरले, तरी पाच जणांचे दहा-बारा किलो होते. एवढे ओझे सकाळी खांद्यावर घ्यायचे, दुपारपर्यंत ते कोमट होऊ द्यायचे आणि मग कोणाला प्यावेसे वाटत नाही म्हणून ओतून टाकायचे, याला काही अर्थ नाही, कारण आत पाणी मोफत मिळते.

ते दोन प्रकारांनी मिळते. स्वच्छतागृहांच्या बाहेरच्या भिंतीला बहुधा पिण्याच्या पाण्याचे नळ असतात, आणि अनेक ठिकाणी त्यांच्या शेजारी बाटली भरण्याची सोय असते. दुसरा प्रकार अधिक उपयोगाचा आहे आणि आपल्याकडच्या लोकांना तो ठाऊक नसतो : ज्या झटपट खाद्यपदार्थांच्या काउंटरवर मशीनमधून शीतपेये भरून देतात, तेथे पेलाभर बर्फाचे पाणी मागितले तर ते पैसे न घेता देतात. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. तेच पाणी बाटलीत विकत घ्यायचे तर पार्कात चार-पाच डॉलर मोजावे लागतात. मागायला संकोच वाटेल, तर नातवाला पुढे करावे. गार पाण्याने घसा धरत असेल, तर ‘नो आइस’ म्हणून सांगावे. मात्र पेल्यातले पाणी बाटलीत ओतून घ्यायचे असेल, तर थोडा बर्फ आलेला बरा, कारण त्या उन्हात तो फार वेळ टिकत नाही.

तेव्हा बरोबर न्यायची ती बाटली, आणि बाटली निवडतानाच खरा विचार करावा लागतो. आपल्याकडे लोकप्रिय असलेली दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली पाणी गार ठेवते, पण ती रिकामी असतानाही हाताला जड लागते आणि कमरेच्या पाउचमध्ये मावत नाही. शिवाय उंच बाटली पिण्याच्या नळाखाली उभी राहत नाही. या नळाची धार कमानीसारखी वर येऊन खाली पडते, तिच्याखाली बाटली आडवी धरावी लागते, आणि आडव्या बाटलीत अर्धेच पाणी राहते. पाणी संपले की घडी घालून मुठीत मावेल अशी मऊ प्लास्टिकची पिशवीवजा बाटली मिळते. तिचे वजन नगण्य असते आणि ती धारेखाली वाकवून पूर्ण भरता येते. तीही नको असेल, तर अमेरिकेतल्या किराणा दुकानात अर्ध्या लिटरच्या साध्या बाटल्यांचा जो खोका मिळतो, त्यातली एकेक बाटली प्रत्येकाने सकाळी घ्यावी आणि दिवसभर तीच भरत राहावे. देखणेपणात ती मार खाते, पण हरवली तर जीव हळहळत नाही.

आपण स्वयंपाकघर असलेल्या भाड्याच्या घरात उतरणार असाल, तर आणखी एक सोय करता येईल. रात्री बाटलीत तिसरा हिस्सा पाणी घेऊन ती फ्रीझरमध्ये तिरपी ठेवावी, म्हणजे बर्फ एका बाजूला कडेने धरतो आणि तोंड मोकळे राहते. सकाळी वरून साधे पाणी भरले की पहिल्या घोटापासून पिता येते. काठोकाठ भरून गोठवलेल्या बाटलीतून मात्र पहिला तासभर काहीच निघत नाही, आणि बर्फ फुगल्याने ती तडकते ते वेगळे. बाटलीच्या आतला बर्फ हा सुटा बर्फ नव्हे, त्यामुळे त्याला दाराशी हरकत घेतली जात नाही.

पाण्याच्या चवीविषयी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पहिल्या घोटाला दचकायला नको. मध्य फ्लॉरिडाचे पाणी जमिनीखालच्या चुनखडीच्या थरांतून उपसलेले असते आणि त्यात नैसर्गिकरीत्या हायड्रोजन सल्फाइड असते. शुद्धीकरणात ते बहुतांशी काढले जाते, तरी नळाच्या पाण्याला कधीकधी गंधकाचा, उकडलेल्या अंड्याच्या जवळ जाणारा वास येतो. ते पाणी पिण्यास सुरक्षित असते. गार असताना वास कमी जाणवतो आणि लिंबाचे चार थेंब पिळले की सहसा जातो. लिंबू तेथल्याच दुकानातून घ्यावे, भारतातून ताजी फळे नेण्याच्या भानगडीत पडू नये.

प्रवेशद्वारावरची तपासणी पिशव्या न उघडता यंत्राने होते, पण स्टीलची बाटली, छत्री किंवा चष्म्याचे धातूचे घर यांमुळे ते यंत्र वाजते. या वस्तू आधीच पिशवीतून काढून हातात समोर धरून चालावे, म्हणजे बाजूला थांबावे लागत नाही. आणि विमानतळावरही बाटली रिकामी न्यावी. तपासणीत शंभर मिलिलिटरची मर्यादा पाण्याला आहे, बाटलीला नाही.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र युनिव्हर्सल ऑरलँडोला जाणार आहोत. तेथल्या मोठ्या रोलर कोस्टरवर खिशात नाणेसुद्धा ठेवू देत नाहीत असे ऐकले. मग पाण्याची बाटली कोठे ठेवायची? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपण ऐकले ते काही राइडच्या बाबतीत खरे आहे. आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या पार्कातील इन्क्रेडिबल हल्क कोस्टर आणि २०२१ मध्ये सुरू झालेला व्हेलोसिकोस्टर यांवर सुटी वस्तू चालत नाही, बसण्यापूर्वी धातूशोधक यंत्रातून जावे लागते आणि सामानासाठी लहान लॉकर मोफत मिळतो. परंतु या दोन्हींतला फरक तहानेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. व्हेलोसिकोस्टरचे लॉकर रांगेच्या शेवटी, गाडीत बसण्याच्या जरा आधी आहेत आणि ते दुतर्फा उघडतात. एका बाजूने सामान ठेवायचे आणि राइड झाल्यावर दुसऱ्या बाजूने काढून घ्यायचे. त्यामुळे संपूर्ण रांगेत बाटली आपल्याजवळ राहते. हल्कचे लॉकर मात्र रांगेच्या आधी आहेत. तेथे एकदा बाटली आत ठेवली की गर्दीच्या दिवशी तासाभराची रांग पाण्याविना काढावी लागते, म्हणून लॉकरचे दार लावण्यापूर्वी पोटभर पाणी पिऊन घ्यावे. चौघांपैकी एखाद्याला उंचीची भीती वाटत असेल, तर त्याला सामानाचा राखणदार नेमण्यात कमीपणा मानू नये. असा एक मित्र असणे गटाला फार सोयीचे असते.

युनिव्हर्सलमध्ये पाणी दोन लिटरपर्यंत आत नेता येते, पण थंड ठेवण्याच्या पिशव्यांच्या आकारावर डिस्नेपेक्षा कडक बंधन आहे : साडेआठ इंच रुंद आणि सहा-सहा इंच उंच व खोल, तीही मऊ. एवढीशी पिशवी नेण्यापेक्षा न नेलेली बरी. काउंटरवर मोफत पाण्याचा पेला तेथेही मिळतो.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७२ असून त्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. ते वर्षानुवर्षे तांब्याच्या बाटलीतलेच पाणी पितात. त्यांना घेऊन मे महिन्यात पार्कात जायचे आहे. ओआरएस बरोबर ठेवावे का, आणि तांब्याची बाटली चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपण विचारलेल्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. तांब्याच्या बाटलीत साधे पाणी ठेवण्यास हरकत नाही, परंतु लिंबू सरबत, ताक, कोकम सरबत किंवा ओआरएस तिच्यात कधीही घालू नये. आंबट पदार्थांत तांबे उतरते आणि त्याने मळमळ, उलट्या, पोटदुखी होऊ शकते. उन्हात फिरणाऱ्या वृद्ध माणसाला उलटी झाली तर ती उन्हाने झाली की बाटलीने, हे ओळखण्यातच वेळ जातो. वडिलांना तांब्याची बाटली हवीच असेल, तर ती पाण्यापुरती ठेवावी आणि ओआरएससाठी दुसरी साधी बाटली घ्यावी.

ओआरएसची पुडी वजनाला काहीच नसते, म्हणून ती जरूर ठेवावी. पण कोणती पुडी, हे पाहून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असलेली मोठी पुडी, सुमारे २०.५ ग्रॅमची, एक लिटर पाण्यासाठी असते. ती अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतली तर द्रावण दुप्पट तीव्र होते आणि तहान भागण्याऐवजी वाढते. अर्धी पुडी अंदाजाने ओतणेही बरोबर नाही, कारण मीठ आणि साखर पुडीत सारखी मिसळलेली असतीलच असे नाही. प्रवासासाठी २०० मिलिलिटरची छोटी पुडी घ्यावी आणि बाटलीवर २०० ची खूण घरीच मापाने करून ठेवावी. ‘ओआरएस’ अशी अक्षरे मिरवणारी फळांच्या चवीची तयार पेये म्हणजे ओआरएस नव्हे. सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ती अक्षरे वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याच कारणासाठी.

वडिलांच्या गोळीविषयी सल्ला त्यांच्या डॉक्टरांनीच द्यायला हवा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर रोजच्या पाण्याला आणि मिठाला मर्यादा घातलेली असू शकते आणि अशा माणसाला ‘भरपूर पाणी प्या’ हा सरसकट सल्ला अपायकारक ठरतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : दिवसभरात किती पाणी घ्यायचे, ओआरएस चालेल का, आणि त्या दिवशी गोळीची वेळ बदलायची का. ज्यांना अशी मर्यादा नाही त्यांनीही एकदम लिटरभर न पिता दर वीस मिनिटांनी थोडे थोडे प्यावे. चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखे बोलणे यांपैकी काहीही दिसले, तर पाणी शोधत न बसता आधी सावलीत किंवा वातानुकूलित जागेत न्यावे आणि प्रथमोपचार केंद्रातील माणसांना बोलवावे.

प्रश्न : आमच्या जवळच्या एका थीम पार्कात दारावरच सीलबंद पाण्याच्या बाटल्या काढून ठेवायला लावल्या आणि आत तेच पाणी जास्त दराने विकत घ्यावे लागले. हे कायद्याला धरून आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बाहेरचे खाद्यपदार्थ नाकारण्याचा हक्क खासगी जागेच्या मालकाला असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी चित्रपटगृहांच्या एका प्रकरणात म्हटले, परंतु त्याच वेळी, चित्रपटगृहाने प्रेक्षकांना पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत द्यायला हवे आणि तान्ह्या बाळासाठी पालकांनी आणलेले वाजवी प्रमाणातील अन्न अडवू नये, हेही स्पष्ट केले. तो निकाल चित्रपटगृहांविषयीचा आहे, थीम पार्कांना तो जसाच्या तसा लागू होतो असे म्हणता येणार नाही. तरी तिकीट काढण्यापूर्वी फोन करून दोन प्रश्न विचारण्याइतका आधार त्यातून नक्की मिळतो : रिकामी बाटली आत नेता येईल का, आणि आत पाणपोई कोठे कोठे आहे? रिकाम्या बाटलीला नाही म्हणणे दारावरच्या माणसालाही जड जाते. प्रवेशाच्या रांगेतच पाणी पिऊन बाटली मोकळी करावी, आणि आत पाण्याचा नळ सापडला नाही तर तिथल्या उपाहारगृहात पिण्याचे साधे पाणी मागावे.

दराविषयी थोडे बारकाईने पाहावे लागेल. एकाच सीलबंद वस्तूवर दोन वेगवेगळ्या कमाल किमती छापण्यास वेष्टित वस्तूंच्या नियमांनी १ जानेवारी २०१८ पासून मनाई केली आहे. मात्र हॉटेले आणि रेस्टॉरंटे केवळ बाटली विकत नाहीत, तर बसण्याची जागा आणि सेवाही देतात, म्हणून ती छापील किमतीपेक्षा जास्त आकारू शकतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. तेव्हा बाटली कोठे घेतली हे महत्त्वाचे ठरते. टेबलावर बसून मागवली असेल तर तक्रार टिकणे कठीण. टपरीवजा स्टॉलवरून हातात घेतली असेल आणि छापील किमतीपेक्षा अधिक पैसे घेतले असतील, तर बिल आणि बाटलीवरच्या किमतीचा फोटो जपून ठेवावा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. स्टॉलवाला बिल देत नसेल, तर मोबाइलवरून पैसे भरावेत, म्हणजे रक्कम, तारीख आणि वेळ यांची नोंद आपोआप राहते.