वाचक विचारतात: ब्रूपबमधली बिअर, क्रमाने आणि चवीने

प्रश्न : पुण्यातल्या ब्रूपबमध्ये पहिल्यांदाच जायचं आहे. फळ्यावर हेफेवाइझन, विटबिअर, लागर, स्टाउट, आयपीए अशी पाच-सहा नावं असतात म्हणे. सुरुवात कशाने करावी? (नाशिक)

२००९ मध्ये पुण्यात डूलाली हे ब्रूपब, म्हणजे स्वतःची बिअर तिथेच बनवून देणारं ठिकाण, सुरू झालं, तेव्हापासून पुणेकरांना ताजी बिअर नळातून घ्यायची सवय लागली आहे. तरी क्रम मात्र अजूनही बरेच जण रंगावरून ठरवतात, आणि तिथेच फसतात. काळी स्टाउट म्हणजे सगळ्यात जड असं नसतं. तिचा रंग येतो जवळजवळ काळं होईपर्यंत भाजलेल्या जवांमुळे, आणि शंभर किलो धान्यात असे जव साधारण दहा किलो पुरतात. आयरिश धाटणीच्या स्टाउटमध्ये अल्कोहोल ४ ते ४.५ टक्के. सोनेरी दिसणारी आयपीए (इंडिया पेल एल, कडवट चवीची बिअर) ५.५ ते ७.५ टक्क्यांपर्यंत जाते.

क्रम लावायचा तो कडवटपणावरून. आधी लागर, मग हेफेवाइझन किंवा विटबिअर (या दोन्ही गव्हाच्या बिअर), मग स्टाउट, आणि आयपीए अगदी शेवटी. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुवास देणाऱ्या फुलांचा, कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो. त्यावर गव्हाची बिअर घेतलीत तर ती पाणचट लागेल, आणि दोष तिचा नसेल.

आधी प्रत्येकीचा घोटभर नमुना मागा. बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. मग आवडलेल्या चार बिअरचा सँपलर घ्या, साधारण १००-१५० मिलीचे छोटे ग्लास. प्यायच्या आधी दोनदा पटकन वास घ्या, कारण सुवास आधी उडून जातो. हेफेवाइझनमध्ये केळं आणि लवंग जाणवेल. त्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते, ते सगळं बिअर आंबवणाऱ्या यीस्टचं काम. विटबिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. ग्लास बर्फासारखा थंड आला असेल, तर तळव्यांत धरून पाच मिनिटं थांबा. चार अंशांवर स्टाउटची कॉफी कळतच नाही, दहा अंशांवर ती नाकापर्यंत येते.

मध्ये साधं पाणी आणि कोरडा पाव. मसाला शेंगदाणे किंवा चिली पनीर आयपीएबरोबर घेऊ नका. तिखट आणि हॉप्स एकमेकांना चढवतात, आणि शेवटी चव कशाचीच राहत नाही.

प्रश्न : एका ठिकाणी बिअरला लोण्यासारखा वास येत होता. दुसऱ्या वेळी ग्लासच्या काचेला आतून बुडबुडे चिकटलेले दिसले. तक्रार करावी की आपल्यालाच चव कळत नाही असं समजावं? (कोल्हापूर)

तक्रार जरूर करावी. दोन्ही दोष खरे आहेत.

आधी ग्लास. स्वच्छ काचेला बुडबुडे चिकटत नाहीत, ते तळातून सरळ वर जातात. मधेच कुठे चिकटून बसले असतील, तर तिथे तेल, साबण किंवा पुसायच्या फडक्याचे धागे आहेत. दुसरी खूण फेसाची. प्रत्येक घोटानंतर काचेवर फेसाचं एक कडं राहायला हवं. कडी उमटत नसतील तर ग्लास बदलून मागा. एक गोष्ट मात्र आपल्या हातातली : तळलेला चखणा खाऊन तेलकट ओठ लावलेत की त्या जागी फेस लगेच विरतो. आधी ओठ पुसून पाहा, मग ग्लासला बोल लावा.

आता लोणी. आंबवताना यीस्ट स्वतःच लोण्यासारखा वास देणारा पदार्थ तयार करतं आणि नंतर स्वतःच शोषून घेतं. त्यासाठी लागरची टाकी शेवटचे दोनेक दिवस १६-१८ अंशांवर ठेवावी लागते. टाकी रिकामी करायच्या घाईत बिअर लवकर थंड केली, तर लोण्याचा वास तसाच राहतो. दुसरं कारण नळापर्यंतच्या नळ्यांमधले जिवाणू. फरक ओळखायचा सोपा उपाय असा : वास एकाच बिअरला असेल तर बहुधा टाकीची घाई, वेगवेगळ्या बिअरना लोण्याचा किंवा ताकासारखा आंबूस वास असेल, तर संशय नळ्यांवर. नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवाव्या लागतात. "लाइन शेवटची कधी धुतली?" असं सरळ विचारा. ज्यांचं काम चोख आहे ते तारीख सांगतात.

आणखी काही वास ध्यानात ठेवा. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे बिअर बनवताना उकळी जोरात झाली नाही. हिरव्या सफरचंदाचा म्हणजे बिअर अजून कोवळी. ओल्या पुठ्ठ्याचा म्हणजे हवा लागून शिळी झालेली. बाहेरच्या टेबलावर बसला असाल तर ग्लास उन्हात ठेवू नका. ऊन लागलं की हॉप्समधून काही मिनिटांतच कुबट दुर्गंधी सुटू लागते, आणि तो दोष ब्रूअरचा नसतो.

प्रश्न : छोटे चारच ग्लास घेतले तर गाडी चालवता येईल ना? (ठाणे)

नाही. हिशेब बघा. १२० मिलीचे चार ग्लास म्हणजे ४८० मिली. पाच टक्क्यांनी त्यात २४ मिली अल्कोहोल, वजनात सुमारे १९ ग्रॅम. साठ किलोच्या पुरुषाने ते रिकाम्या पोटी भरभर घेतलं, तर १०० मिली रक्तात ते ४५ मिलिग्रॅमच्या आसपास जातं. कायद्याची मर्यादा ३० आहे. स्त्रियांमध्ये त्याच वजनाला आकडा आणखी चढतो. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं, कॉफीने त्यात काही फरक पडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जाताना रिक्षा किंवा कॅबच करा. वयाचा पुरावा जवळ ठेवा, महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं.

प्रश्न : ग्राउलर (नळाची बिअर घरी न्यायची मोठी बाटली) भरून घरी आणला तर किती दिवस टिकतो? (पिंपरी)

न उघडता फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. उघडल्यावर त्याच दिवशी संपवा. भरताना नळी बाटलीच्या तळापर्यंत घालायला सांगा. वरून ओतलं तर हवा मिसळते आणि फेसातच निम्मा वायू निघून जातो. प्रवास लांबचा असेल तर बर्फाच्या पेटीत, उभीच ठेवून आणा.