गोळी लागू पडली म्हणजे निदान पक्कं झालं का?

प्रश्न : माझा मुलगा ९ वर्षांचा, चौथीत आहे. वर्गात जागेवर बसत नाही, पेन्सिल-पट्टी रोज हरवून येतो. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दहा मिनिटांत मिथाइलफेनिडेट नावाची गोळी सुरू केली आणि म्हणाले, फरक पडला की एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांचा विकार) नक्की समजा. तिसऱ्या दिवशी त्याने गणिताचं अख्खं पान एका बैठकीत सोडवलं. मग आता शंका नकोच ना? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, ते पान बघून तुम्हाला किती हायसं वाटलं असेल! पण तेवढ्यावर निदानाचा शिक्का मारू नका, कारण ही गोळी मेंदूतलं डोपामिन हे लक्ष टिकवायला लागणारं रसायन वाढवते आणि त्याने लक्ष लागायला एडीएचडी नसलेल्यांनाही मदत होते. पूर्वी समज असा होता की हे औषध फक्त चंचल मुलांनाच शांत करतं, मग १९७८ मध्ये अमेरिकेत ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी काहीही त्रास नसलेल्या १४ मुलांना डेक्स्ट्रोअँफेटामिन म्हणजे याच जातीचं औषध दिलं, तर त्यांचीही चुळबुळ कमी झाली आणि लक्ष सुधारलं. शिवाय खरंच एडीएचडी असलेल्या काही मुलांना ही गोळी लागूच पडत नाही, मग त्यांना एडीएचडी नाही म्हणायचं का?

निदान होतं ते मुलाच्या आजवरच्या हकिकतीवरून. लक्षणं १२ वर्षांच्या आत दिसलेली हवीत, किमान सहा महिने टिकलेली हवीत, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसायला हवीत आणि त्यामुळे मुलाचं खरंच अडायला हवं. म्हणून बाईंचं म्हणणं ऐकल्याशिवाय निदान करणं मला पटत नाही. आणि एक बघा, रात्री तो तोंड उघडं ठेवून घोरतो का? टॉन्सिल किंवा अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) वाढलेलं मूल नीट झोपत नाही आणि दिवसा अगदी असंच वागतं, आणि गोळीने तेही तात्पुरतं सुधारल्यासारखं दिसू शकतं, मग खरं दुखणं तसंच राहून जातं. कान, डोळे तपासलेत का? मध्येच काही सेकंद टक लावून हरवल्यासारखा होतो का? तसं असेल तर फिट्सचीही तपासणी लागते.

गोळी मनाने बंद करू नका हं, कदाचित एडीएचडी असेलही. पण बाल-मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवाच. जाताना पहिली-दुसरीच्या वह्या, बाईंचे शेरे न्या, आणि गोळी सुरू झाल्यापासून भूक, झोप, वजन कसंय तेही लिहून न्या.